मॅसे पडले कसे, हे विचारलंत म्हणून

‘तुमचे मॅसे पडले कसे हो?’

28 एप्रिल 2025 ला कॅनडाच्या संसदेची निवडणूक झाली, त्यानंतर हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. गणपतीच्या आरतीनंतर हातावर प्रसाद ठेवताना विचारला. दिवाळीच्या फराळाला विचारला. देशी ग्रोसरीत कढीपत्ता निवडत उभी होते, तिथेही विचारला. विचारणाऱ्यांचा दोष नाही. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत एनडीपीची, म्हणजे इथल्या डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाची, नारिंगी पाटी अंगणात रोवणारं घर आमचंच, आणि पक्षाचे विंडसर वेस्टचे खासदार ब्रायन मॅसे यांच्यासाठी थंडीत दारोदार फिरणारी मीच. मी प्रत्येकाला काही ना काही उत्तर दिलं. टॅरिफ म्हटलं, ट्रम्प म्हटलं, आमचे नेते जगमीत सिंग यांनी ट्रूडोंच्या लिबरल सरकारला फार काळ टेकू दिला म्हटलं, मतं फुटली म्हटलं. यातलं काहीही खोटं नव्हतं. पण या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा येतो, ‘तुझं मत तर त्यांनाच असणार ना?’ आणि त्यावर मी मान हलवत आले.

मी त्यांना मत दिलेलं नाही.

हे वाचून माझ्याबरोबर दारं ठोठावणाऱ्या दोघी-तिघींना काय वाटेल ते मला कळतं आहे. तरी आता लिहिते, कारण मान हलवण्याचा कंटाळा आला आहे.

मी सांगोल्याची. एवढं सांगितलं की सोलापूरकडच्या माणसाला बाकीचं सांगावं लागत नाही. गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, शेकापचे अकरा वेळा आमदार. बाकी महाराष्ट्रात तो पक्ष आटत गेला तरी सांगोल्याने त्यांना धरून ठेवलं. 1995 ला ते थोडक्यात पडले, त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. ओट्यावर भिंतीला टेकून बसून राहिले. आई दोनदा बोलवायला गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. अण्णांचं मत आयुष्यात एकदाही हललं नाही. ‘मत म्हणजे दिलेला शब्द,’ असं ते म्हणत. आपला माणूस पडणार हे दिसत असलं तरी शब्द फिरवायचा नाही, हे मी त्या ओट्यावर शिकले.

मग विंडसर, कॅनडातलं अमेरिकेच्या सीमेवरचं मोटारींचं शहर. इथे नागरिकत्व मिळाल्यावर माझं पहिलं मत 2 मे 2011 ला. त्या रात्री जॅक लेटन यांच्या एनडीपीने 103 जागा घेतल्या आणि पक्ष पहिल्यांदाच अधिकृत विरोधी पक्ष झाला. क्युबेक नारिंगी होत चाललेलं टीव्हीवर बघत मी सोफ्यावर उभी राहिले होते, कडेवर लेक होता. ऑगस्टमध्ये लेटन गेले. त्यानंतरचे आकडे मला पाढ्यासारखे पाठ आहेत: 2015 ला 44, 2019 ला 24, 2021 ला 25, आणि आता 7. संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला 12 लागतात.

2015 ची माझी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या वर्षी कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हार्पर यांना घालवायचंच म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिबरलला मत द्यायचं ठरवलं होतं. मी एका घरी जेवणाच्या ताटावर भांडले. ‘भीतीने दिलेलं मत हे मत नसतं, ती खंडणी असते,’ असं म्हणाले. त्या घरच्या वहिनी नंतर कितीतरी दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या. वहिनी, तुमचं तेव्हा बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ते वाक्य मी मागे घेते. ज्या बाईने ते म्हटलं, तिच्या घरात तोवर भीती शिरलेली नव्हती.

2025 च्या वसंतात ती शिरली. विंडसरबाहेर राहणाऱ्यांना हे समजावणं मला जमलेलं नाही. नदीपलीकडे डेट्रॉइट दिसतं, अम्बॅसडर पुलावर ट्रकांची रांग दिसते, आणि एकेक सुटा भाग गाडीत बसेपर्यंत ती सीमा कितीदा ओलांडतो हे इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. जानेवारीत कॉन्झर्व्हेटिव्ह जनमत चाचण्यांमध्ये वीसहून जास्त टक्क्यांनी पुढे होते. मग ट्रूडो जायला निघाले, पलीकडून ट्रम्प यांचं ‘कॅनडा आमचं एक्कावन्नावं राज्य’ सुरू झालं, लिबरलांचे नवे नेते म्हणून मार्क कार्नी आले, आणि सगळं उलटंपालटं झालं. 3 एप्रिलला गाड्यांवर अमेरिकेचं 25 टक्के टॅरिफ लागलं आणि इथला असेंब्ली प्लांट दोन आठवड्यांसाठी थांबला. माझा नवरा मोल्ड बनवणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये आहे. त्यांच्या तीन ऑर्डरी एकाच आठवड्यात ‘तूर्त थांबवा’ झाल्या. तो घरी काही बोलला नाही. फक्त रात्री उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायचा आणि बराच वेळ तिथेच उभा राहायचा. मला नळ बंद झाल्याचं ऐकू यायचं, त्याची पावलं ऐकू यायची नाहीत.

दारोदार तेच. ‘ब्रायन माणूस चांगला आहे. पण या वेळी...’ हे ‘पण या वेळी’ मी इतक्यांदा ऐकलं की पुढचं वाक्य मीच मनात पुरं करायचे. मी त्यांना सांगायचे की 1968 पासून विंडसर वेस्टने दोनच खासदार पाहिले, लिबरलांचे हर्ब ग्रे आणि 2002 पासून मॅसे. 2019 आणि 2021 ला लिबरलांनी सँड्रा पुपाटेलोंसारखं वजनदार नाव उभं केलं, तरी मॅसे टिकले. नव्या पुलासाठी, ओजिब्वेच्या जंगल-गवताळ पट्ट्याचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून त्यांनी किती वर्षं घातली, तेही सांगायचे. आईचा व्हिसा अडला होता तेव्हा मी त्यांच्याच ऑफिसच्या पायऱ्या चढले होते, ते मात्र सांगत नसे. ते माझ्यापुरतं होतं. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘सगळं खरं. पण ट्रम्पसमोर कोण उभं राहणार, ब्रायन की कार्नी?’

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदारसंघांच्या अंदाजांचे स्क्रीनशॉट फिरत होते. एक म्हणायचा कॉन्झर्व्हेटिव्हला रोखायचं तर मॅसेंना द्या, दुसरा म्हणायचा लिबरलला द्या. मी दुसऱ्याखाली रागाचा चेहरा टाकला होता. तो अजून तिथे आहे.

मतदानाच्या दिवशी आमच्या बूथवर मी एनडीपीची पोलिंग एजंट होते. संध्याकाळी आधी माझं मत दिलं, मग एजंट म्हणून बसले. इथे मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, नाव आणि पक्ष, समोर एक गोल, आणि हातात पेन्सिल. नावं आडनावांच्या क्रमाने, कॉन्झर्व्हेटिव्ह गिल यांचं मॅसेंच्या वर. मॅसे यांच्या नावावर पेन्सिल टेकवली होती. शपथेवर सांगते, टेकवली होती. मग नळ बंद झाल्याचा आवाज आठवला. पेन्सिल खाली गेली, लिबरलांच्या रिचर्ड पोलॉक यांच्यापाशी थांबली आणि मी फुली मारली. इतकी दाबून की कागदाच्या मागे वळ उठला. घडी घातली, पेटीत टाकली आणि दहा पावलांवर जाऊन मॅसेंची माणूस म्हणून खुर्चीवर बसले.

साडेनऊला दारं बंद झाली. इथे मोजणी त्याच खोलीत, त्याच रात्री, हाताने होते. अधिकारी एकेक मतपत्रिका उलगडते, सगळ्यांना दिसेल अशी धरते, नाव वाचते आणि गठ्ठ्यावर ठेवते. आम्ही आमच्या कागदावर रेघा मारायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. शाळेची व्यायामशाळा होती, बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल होतं. गिल. मॅसे. पोलॉक. गिल. गिल. पोलॉक. मॅसे. तीन गठ्ठे जवळपास एकाच उंचीने वाढत होते, आणि ज्या बूथवर आमचा गठ्ठा नेहमी उंच असायचा, तिथे एकाच उंचीचे म्हणजे काय ते मला दहा मिनिटांत कळलं.

मग एक मतपत्रिका आली. तिने ती दिव्यासमोर धरली तेव्हा मला फुलीचा वळ दिसला. ‘पोलॉक,’ ती म्हणाली. माझा हात चालेना. शेजारच्या लिबरल एजंटने, वीसेक वर्षांचा पोरगा असेल, रेघ मारली, मग माझ्या कागदाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला की तुमची एक राहिली. मी मारली. ते माझंच मत होतं का, हे मला आजही माहीत नाही. जोरात फुली मारणारी मी एकटीच नसेन. पण त्यानंतर आलेलं प्रत्येक पोलॉक मला माझंच वाटत होतं. जणू त्या पेटीतली लिबरलांची सगळी मतं मीच एकटीने टाकली होती, आणि आता एकेक करून ती मला दाखवली जात होती.

आमची मोजणी चालू होती तेव्हाच देशाचा निकाल टीव्हीवर जाहीर झाला होता: सरकार लिबरलांचं. कुणीतरी फोनवर पाहून हलकेच सांगितलं. त्या पोराने डोळे पुसले. आनंद झाला होता त्याला, आणि खरं सांगते, मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं खोटं नव्हतं. मग अधिकारी बाईंनी पुढची मतपत्रिका उलगडली.

आकड्यांवर सही करून बाहेर आले. कार्यकर्ते हॉलवर जमले होते, मला निरोप येत होते. मी गेले नाही. घरी येऊन अंधारात टीव्ही लावला. जगमीत सिंग बर्नबीत स्वतःच्या जागेवर तिसरे आले होते, आणि नेतेपद सोडत असल्याचं सांगताना त्यांचा गळा दाटून आला. विंडसर वेस्ट निळा झाला. हार्ब गिल, निवृत्त पोलीस अधिकारी, कॉन्झर्व्हेटिव्ह. दुसऱ्या दिवशी एकाने मला म्हटलं, ‘आपलाच भारतीय माणूस आला की, तोंड का पाडतेस?’ त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही. ते निवडून आले, ते माझे खासदार आहेत. पण मॅसे आणि पोलॉक यांची मतं एकत्र केली तर गिल यांच्यापेक्षा कितीतरी जास्त भरतात. आपण सगळे ज्याला रोखायला निघालो होतो, तेच घडलं, आणि ते माझ्यासारख्यांनी घडवलं.

नवरा म्हणतो, ‘फरक हजारांचा होता. तुझ्या एका मताने काय झालं असतं?’ तो माझं ओझं हलकं करायला म्हणतो. मग मी त्याला शेजारचा मतदारसंघ दाखवते. विंडसर-टेकमसे-लेकशोर. तिथे न्यायालयीन फेरमोजणीनंतर कॉन्झर्व्हेटिव्ह कॅथी बोरेली जिंकल्या आणि लिबरलांचे तेव्हाचे खासदार पडले. फरक 4 मतांचा. क्युबेकच्या टेरबोनमध्ये फेरमोजणीत 1 मताने निकाल फिरला, आणि लिफाफ्यावर पिनकोड चुकीचा छापल्यामुळे एका बाईचं टपाली मत तिच्याकडेच परत आलं होतं. एका मताने काय होतं, हे मला कुणी सांगू नका.

टेकमसेला माझी एक मैत्रीण राहते, पुण्याची. 2015 मध्ये माझी ‘खंडणी’ तिने ऐकली होती आणि तिला ती पटली होती. यंदा ती शब्दाला जागली, एनडीपीलाच मत दिलं, तिचा नवराही तसाच. 4 मतांचा निकाल लागला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. ‘दोन तर आमच्या घरातच होती गं.’ मी तिला काय सांगणार होते? मी शब्द फिरवला, माझ्याकडे कॉन्झर्व्हेटिव्ह आले. तिने फिरवला नाही, तिच्याकडेही आले. तिला मी म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, ‘मग तू काय केलं असतंस?’ तिलाही मी तेव्हा खरं सांगितलं नाही.

दोष पद्धतीचा आहे, हे मी रात्रभर वाद घालून सिद्ध करू शकते. ट्रूडोंनी 2015 ला वचन दिलं होतं की जास्त मतं त्याची जागा, ही पद्धत शेवटचीच, आणि 2017 मध्ये ते वचन सोडून दिलं. 2025 ला एनडीपीला 6 टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली आणि 343 पैकी 7 जागा मिळाल्या, म्हणजे 2 टक्के. फक्त क्युबेकमध्ये लढणाऱ्या ब्लॉक पक्षाला टक्केवारी तेवढीच, पण जागा 22. हे सगळं मला येतं. पण पेन्सिल पद्धतीच्या हातात नव्हती.

आणि दुसरी बाजूही सोडत नाही. लिबरल 169 वर थांबले, बहुमताला 3 कमी. सरकार त्यांचंच आलं. पलीकडून रोज नवी धमकी येत होती, त्या दिवसांत मला ते हवं होतं. ज्यांच्या घरात रात्री नळ वाजत नव्हता, त्यांनी मला निष्ठा शिकवू नये. हे मी चिडून लिहिते आहे हे मला दिसतंय. तरी खोडत नाही.

अण्णा आता सत्त्याऐंशीचे आहेत. रविवारी फोनवर इथलं राजकारण विचारतात, मॅसेंना ‘तुझा माणूस’ म्हणतात. मागच्या रविवारी त्यांना सांगितलं. कुणाला दिलं, का दिलं, गठ्ठ्यांचंही सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणाले, ‘जावईबापूंचं काम चालू आहे का?’

‘चालू आहे. आठवड्यातून चार दिवस.’

‘बरं,’ म्हणाले, आणि फोन दादाकडे दिला.