साधा पिंग लागतोय म्हणजे नेटवर्क बरोबर आहे, असं नाही

दोन नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे दोन सर्व्हर, आणि मागे सामायिक स्टोरेज, एवढंच काम होतं. पेसमेकर आणि कोरोसिंक ही क्लस्टर सांभाळणारी सॉफ्टवेअरं एका दुपारी बसली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते आयस्कझीवर (iSCSI, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत), आणि ते आठवलं की अजून चिडचिड होते.

पहिल्या नोडवर सगळं सुरळीत. दुसऱ्यावर टार्गेट (स्टोरेजची बाजू) सापडायचं, लॉगिन व्हायचं, लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दिसायचं, त्याची साइझही बरोबर यायची. पण त्यावर काही वाचायला गेलं की टर्मिनल जागच्या जागी थिजायचं. कर्नलच्या लॉगमध्ये कनेक्शन तुटल्याची ओळ, लगेच पुन्हा लॉगिन, पुन्हा तुटलं. केबल बदलली, नेटवर्क कार्ड बदललं, शेवटी अख्खा सर्व्हर नव्याने बसवला. तीन दिवस यातच गेले.

स्टोरेजसाठी जंबो फ्रेम हव्यात, म्हणजे एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० बाइट, हे मी आधीच लिहून कळवलं होतं. नेटवर्कवाल्यांकडे विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘पिंग लागतोय ना? मग आमच्या बाजूने ओके आहे.’ आणि तिकीट बंद. दोनदा.

पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारं पाकीट. साध्या पिंगमध्ये जेमतेम ५६ बाइटचा डेटा असतो, तो कुठूनही जातो. लॉगिन आणि साइझ विचारणं यांची पाकिटंही तशीच छोटी, म्हणून तेवढं चालत होतं. मग मी पिंगला पाकिटाचे तुकडे करायची मनाई केली आणि डेटा ८९७२ बाइटचा दिला. आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) हेडरचे ८ धरून बरोबर ९००० होतात. पहिल्या नोडवरून गेला. दुसऱ्यावरून शून्य उत्तर. आकडा कमी करत खाली आलो: १४७२ गेला, १४७३ अडला. म्हणजे मधल्या स्विचचा तो एक पोर्ट १५०० वरच होता, आणि मोठी फ्रेम कुठलीही तक्रार न करता टाकून देत होता. हे दोन आकडे तिसऱ्या तिकिटात टाकल्यावर पोर्ट दहा मिनिटांत दुरुस्त झाला. दहा मिनिटं! त्या दिवशी मला खरंच हायसं वाटलं, पण स्वतः मोजून दाखवल्याशिवाय कुणी बघितलं नाही, याचा राग तेवढाच आला.

त्यामुळे ही तपासणी प्रत्येक नोडवरून, स्टोरेजच्या प्रत्येक आयपीवर, क्लस्टरला हात लावण्याआधी करा. आयस्कझीचे दोन मार्ग असतील तर बाँडिंगपेक्षा (दोन तारा जोडून एकच करण्यापेक्षा) मल्टिपाथ (दोन्ही मार्ग वेगळे ठेवून एक मेला की दुसरा वापरणं) बरा. दोन वेगळे सबनेट, दोन वेगळे स्विच. आणि आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं कनेक्शन परत येण्याची वाट बघायची मुदत) मुळात १२० सेकंद असतो. मल्टिपाथखाली तो तसाच ठेवलात तर एक मार्ग मेल्यावर दोन मिनिटं सगळं गोठतं. मी ५ ठेवला.

कोरोसिंकची वाहतूक, म्हणजे नोड एकमेकांशी बोलतात ती, मात्र स्टोरेजच्या तारेवर ठेवू नका. मोठी कॉपी सुरू असताना टोकन (नोडमध्ये फिरत राहणारा ‘मी आहे’ असा निरोप) हरवतं आणि धडधाकट नोड फेन्स होतो, म्हणजे क्लस्टर त्याला जबरदस्तीने बाहेर काढतो. फेन्सिंग नकोच, असा विचार तर मनातही आणू नका. जीएफएस२ वर (दोन्ही नोड एकाच वेळी वापरू शकतात अशी फाइलसिस्टिम) एक नोड गप्प झाला की तो खरंच बंद पडल्याची खात्री होईपर्यंत दुसराही थांबून राहतो. आणि एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ही एकाच सर्व्हरसाठी असलेली फाइलसिस्टिम एकाच वेळी दोन्हीकडे माउंट झाली तर डेटाची वाट लागलीच समजा.

हो, एक राहिलंच. दुसरा नोड पहिल्याची क्लोन करून बनवला असेल तर इनिशिएटरचं नाव (आयस्कझीत सर्व्हरची ओळख) आधी बदला. दोघांचं नाव एकच असलं की स्टोरेजला ते दोन सर्व्हर आहेत हे कळतच नाही.