स्टार्टरची भुणभुण

दुपारी लाईन आलेली असते, विहिरीवरची मोटर चालू असते आणि खांबाला ठोकलेल्या पत्र्याच्या पेटीतून, म्हणजे मोटरच्या स्टार्टरमधून, भुणभुण येत असते. मराठवाड्यात हा आवाज इतका अंगवळणी पडलाय की थांबला तरच मान वळते. जरा वाढला की कुणीतरी पेटीवर थाप मारतं. आवाज बसतो. "लईच भुणभुणायलंय, कॉइल गेली वाटतं," असा निकालही लागून जातो. कॉइल म्हणजे आतलं तारेचं वेटोळं. कॉइल बिचारी. चोर सोडून संन्याशाला फाशी!

चोर असतो फटीत. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचमध्ये, पातळ पत्र्यांच्या थराची दोन ई-आकाराची लोखंडं समोरासमोर असतात. एक बसलेलं, दुसरं स्प्रिंगवर. कॉइलला वीज मिळाली की वरचं खाली ओढलं जातं आणि मोटरचे कॉन्टॅक्ट जुळतात. चुंबकाच्या रेषांना लोखंडातली वाट सोपी, हवेतली महाअवघड. लोखंडाची पारगम्यता, म्हणजे चुंबकाच्या रेषांना वाट देण्याची क्षमता, हवेच्या चार हजार पट धरली, तर ०.१ मिलिमीटरची फट ४० सेंटिमीटर लोखंडाएवढी अडवते. आणि पेटीतल्या लोखंडाची सगळी वाट मिळून वीतभरही भरत नाही. थाप मारली की वरचं लोखंड नीट बसतं, एवढंच त्या थापेचं शास्त्र.

फटीत काय नसतं? काळ्या रानाची धूळ, पावसाळ्यातला गंज, कुंभारीण माशीनं लिंपलेली माती. आणि मुंग्या. ऊब मिळते म्हणून त्या आत शिरतात, लोखंड खाली येतं आणि त्यांचा थर दोन तोंडांच्या मध्ये चिकटून बसतो.

एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या, कॉइलचा स्वभाव असा की विजेचा दाब (व्होल्टेज) ठरला की चुंबकीय प्रवाहही जवळपास ठरला. वाट अवघड झाली तरी तेवढा प्रवाह उभा करायलाच हवा, मग कॉइल जास्त करंट घेते. लोखंड पूर्ण उघडं असताना तो बसल्या स्थितीच्या सहा ते दहा पट असतो. क्षणभर चालतं. पण वरचं लोखंड अधांतरी राहिलं, तर तारेवरच्या इनॅमलच्या लेपाचा जळका वास यायला फार वेळ लागत नाही.

आणि अधांतरी राहायला आपल्याकडे निमित्त लागत नाही. लाईन आली की एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे ऑटो स्विच, म्हणजे लाईन येताच मोटर आपोआप चालू करणारे स्विच, एकदम जागे होतात, सगळ्या मोटरी एकदम उठतात, दाब बसतो. नेहमीच्या ४१५ व्होल्टच्या कॉन्टॅक्टरला खाली यायला साधारण ८५ टक्के, म्हणजे ३५३ व्होल्ट तरी लागतात. ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ३०० वर आला की ओढ निम्मीच. ऑटो स्विचला थोडा उशीर लावून घ्यावा, प्रत्येकानं वेगवेगळा. पण शेजाऱ्याच्या आधी पाणी ओढायचं असतं, त्याला काय करणार?

इंग्रज संशोधक विल्यम स्टर्जननं १८२५ मध्ये सुमारे २०० ग्रॅम लोखंडाच्या नालावर तार गुंडाळून चार किलो वजन उचललं होतं. त्याचा चुंबक भुणभुणला नसणार, कारण त्याच्याकडे बॅटरी होती, तिची वीज दिशा बदलत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. चुंबकीय प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि तेवढ्या वेळा पकड सुटू पाहते. म्हणून लोखंडाच्या तोंडावर, एका भागाभोवती, तांब्याची छोटी रिंग बसवलेली असते. तिच्यामुळे त्या भागातला प्रवाह किंचित मागे राहतो. एक बैल दम खातो तेव्हा दुसरा ओढतो, तसं. तोंड स्वच्छ असूनही खडखड थांबत नसेल, तर ही रिंग तडकलीय का ते बघावं.

तोंड साफ करायचं ते मेन बंद करून, कोरड्या फडक्यानं. ग्रीस नको, लोखंड चिकटतं. कानस तर नकोच. बाजूचे दोन पाय घट्ट भिडायला हवेत, पण मधल्या पायात कारखान्यातच बारीक फट ठेवलेली असते. बाजूचे पाय घासले की तीही मिटते, मग वीज गेल्यावर उरलेलं चुंबकत्व लोखंड धरून ठेवतं. लाल बटण दाबलं तरी मोटर चालूच. जी फट बाहेरच्या पायांना नको, तीच मधल्याला हवी. चुंबकाचाही एकेक नखरा.

कॉन्टॅक्टर धरतच नाही म्हटल्यावर काहीजण त्यात लाकडाची पाचर मारतात. मोटरवर जास्त भार आला की ओव्हरलोड रिले तोडतो तो कॉइलचा पुरवठा. पाचरीला त्याचं काय? एक फेज गेला तरी मोटर जळेपर्यंत गुरगुरत राहते. मोटर पुन्हा भरून मिळते. पण लाईन गेली म्हणून कुणी फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) काढायला विहिरीत उतरलेलं असतं, आणि पाचर मारलेला स्टार्टर लाईन आल्या आल्या मोटर फिरवतो. ऑटो स्विचचंही तेच. उतरण्याआधी तिन्ही फ्यूज काढून खिशात घालावेत.