गॅरेजच्या दाराच्या स्प्रिंगा बदलताना

दार जड झालं की संशय आधी मोटरवर जातो. पण दाराचं वजन तोलतात त्या वरच्या स्प्रिंगा. मोटरची जोडणी सोडवा, दार हाताने कमरेपर्यंत उचला आणि आधार हळूच कमी करा. ते खाली ओढ घेत असेल तर स्प्रिंगेतला जोर गेलाय. वेटोळ्यांमध्ये दोन-तीन इंचांची फट दिसली तर ती तुटलीच आहे; मग मोटरचं बटण दाबूच नका. नेहमीची स्प्रिंग सुमारे १०,००० उघडझापींच्या हिशोबाने बनवतात. जोडीतली एक गेली की दुसरीही तेवढीच झिजलेली असते, म्हणून दोन्ही एकदम बदला.

इथे दारावरच्या शाफ्टवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, बसणाऱ्या आणि पिळाच्या जोरावर चालणाऱ्या टॉर्शन स्प्रिंगेबद्दलच लिहितोय.

नवी स्प्रिंग अंदाजाने आणू नका. चिकटून असलेल्या २० वेटोळ्यांची लांबी मोजून २०ने भागा: ५ इंच आली तर तार ०.२५० इंची, साडेचार आली तर ०.२२५ इंची. नजरेला हा फरक कळत नाही, दाराला लगेच कळतो. आतला व्यास आणि पीळ सुटलेल्या स्प्रिंगेची पूर्ण लांबीही लागते. पिळाची दिशा वेगळी पाहा: साध्या दारात आतून बघताना मधल्या ब्रॅकेटच्या (शाफ्टला मध्यावर भिंतीशी धरणाऱ्या पट्टीच्या) डावीकडे उजव्या पिळाची स्प्रिंग असते, उजवीकडे डाव्या पिळाची.

खरा धोका जुना पीळ सोडण्यात आहे. स्प्रिंगेच्या टोकाला पीळ देण्यासाठी भोकं असलेला धातूचा तुकडा असतो, त्याला कोन (cone) म्हणतात. त्याच्या भोकात घट्ट बसणारे, बहुधा अर्धा इंच जाडीचे, १८ इंची दोन वाइंडिंग बार, म्हणजे पीळ फिरवायचे दांडे, हवेतच. स्क्रूड्रायव्हर घालणं हा शुद्ध वेडेपणा. तो निसटला की हात मोडतो. दार बंद करा, रुळावर रोलरच्या वर लॉकिंग प्लायर (आवळल्यावर तशीच धरून राहणारी पक्कड) आवळा. बारच्या रेषेत उभं न राहता बाजूला राहा. बारवर भार घेऊन मगच कोन शाफ्टला पकडून ठेवणारे सेट स्क्रू सैल करा. पाव फेरा सोडायचा, दुसरा बार पूर्ण आत घालायचा, मगच पहिला काढायचा.

स्प्रिंगा बदलल्यावर दार उचलणाऱ्या दोन्ही केबल शाफ्टच्या टोकांच्या ड्रमवर (केबल गुंडाळायच्या चाकांवर) सारख्या ताणून घ्या आणि शाफ्ट फिरू नये म्हणून त्यालाही प्लायर लावा. एक केबल सैल राहिली तर दार तिरकं चढून अडकतं.

आता स्प्रिंगेवर खडूची सरळ रेघ ओढा; पीळ देताना तिच्या पट्ट्यांवरून फेरे मोजता येतात. ७ फुटी दार आणि ४ इंची ड्रम असेल तर साधारण साडेसात फेरे, म्हणजे ३० पाव फेरे. प्रत्येक फेऱ्याला स्प्रिंग तारेच्या जाडीएवढी लांबते, म्हणून शेवटी कोन मधल्या ब्रॅकेटपासून किंचित दूर सरकवून सेट स्क्रू आवळा. स्क्रू शाफ्टला टेकल्यावर अर्धा-पाऊण फेरा पुरे. जास्त आवळलात तर पोकळ शाफ्ट चेपतो.

सगळे प्लायर काढून दार अर्ध्यावर सोडून बघा. खाली सरकलं तर प्रत्येक स्प्रिंगेला पाव फेरा वाढवा, वर पळालं तर पाव फेरा कमी करा. त्या वेळीही प्लायर पुन्हा लावून आणि बार घालूनच. दार जागच्या जागी थांबलं की मोटर जोडा.