'मोबी-डिक'ची स्वपरीक्षा : प्रश्नसंच मधल्या प्रकरणांत

मोबी-डिक नावाच्या पांढऱ्या देवमाशामागे लागलेल्या कप्तानाची कथा सांगणाऱ्या हर्मन मेल्व्हिल यांच्या 'मोबी-डिक' या कादंबरीवर मी स्वतःसाठी जो प्रश्नसंच तयार करत आहे, त्याची ही प्रगती समानधर्मी वाचकांसाठी नोंदवून ठेवत आहे. 135 प्रकरणे आणि शेवटचा उपसंहार एवढा पसारा असलेल्या या पुस्तकावर तयार प्रश्नमंजूषा पुष्कळ मिळतात. पण निवेदकाचे, कप्तानाचे आणि जहाजाचे नाव विचारून त्या थांबतात, आणि इश्माएल, एहॅब व पीक्वॉड ही तीन नावे मलपृष्ठ वाचणाऱ्यालाही ठाऊक असतात. म्हणून मी एक साधा नियम ठरवला आहे : ज्याने ते विशिष्ट प्रकरण लक्षपूर्वक वाचले आहे त्यालाच उत्तर देता यावे असा प्रश्न काढायचा, पुस्तक मिटून उत्तर लिहायचे, आणि मगच मूळ उताऱ्याशी ते ताडून पाहायचे.

जमिनीवर घडणारा भाग, म्हणजे न्यू बेडफर्डच्या खानावळीपासून नाताळच्या दिवशी जहाज नँटकेट सोडते तिथपर्यंतची 22 प्रकरणे, आता पक्का झाला आहे. या भागातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला प्रश्न वाट्यांचा आहे. देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर खलाशांना पगार नसे. सफरीच्या निव्वळ नफ्याचा ठरावीक अंश मिळे, आणि त्या अंशाचा छेद जितका लहान तितकी कमाई मोठी. जहाजाच्या दोन मालकांपैकी बिल्डाड इश्माएलला 777 वा भाग देऊ पाहतो, पेलेग त्याच्या नावापुढे 300 वा भाग लिहितो, तर इश्माएलचा हार्पूनवाला मित्र क्वीक्वेग याला 90 वा भाग मिळतो. हे तीन आकडे पाठ असणे पुरेसे नाही. क्वीक्वेगने ती रक्कम कशी मिळवली हेही सांगता आले पाहिजे. पाण्यावर तरंगणारा डांबराचा एक ठिपका म्हणजे देवमाशाचा डोळा समजा, असे म्हणून तो हार्पून, म्हणजे शिकारीचा भाला, फेकतो आणि तो ठिपका नाहीसा करतो. त्याच्या धर्माविषयी चाललेली सारी चौकशी त्या एका फेकीने संपते, आणि त्या मालकांना खरोखर कशाची किंमत होती हे मेल्व्हिल तिथे कसलीही टिप्पणी न करता दाखवून देतात.

मधली प्रकरणे हा खरा कस आहे. अनेक वाचक 32 वे प्रकरण, म्हणजे देवमाशांचे वर्गीकरण, ओलांडून पुढे जातात, आणि माझ्या मते तिथेच या पुस्तकाशी त्यांची ओळख अर्धवट राहते. इश्माएल देवमाशांची विभागणी पुस्तकांच्या आकारांप्रमाणे करतो : फोलिओ, ऑक्टाव्हो आणि ड्युओडेसिमो. यावर मी काढलेला प्रश्न असा : छपाईच्या जगात फोलिओच्या खालोखाल क्वार्टो हा आकार असताना तो या वर्गीकरणात का नाही? उत्तर तळटीपेत आहे. मधल्या गटातले देवमासे मोठ्या देवमाशांहून लहान असले तरी प्रमाणात त्यांच्यासारखेच दिसतात. क्वार्टो पुस्तक मात्र आकाराने लहान होताना फोलिओचे प्रमाण राखत नाही, ऑक्टाव्हो राखते. एवढी काटेकोर तळटीप लिहिणारा हाच निवेदक त्याच प्रकरणात देवमासा हा मासाच आहे असा आग्रह धरतो, त्यासाठी बायबलमधल्या, माशाने गिळलेल्या योनाचा आधार घेतो, आणि शेवटी आपली सारी पद्धत मुद्दाम अपुरी ठेवून तिची तुलना तेव्हा अपूर्ण असलेल्या कोलोनच्या कॅथेड्रलशी करतो. या प्रकरणावर पूर्वी नावांच्या याद्या पाठ करण्याचे प्रश्न होते. ते काढून टाकले असून त्यांच्या जागी निवेदकाच्या विचारपद्धतीवरचे प्रश्न घेतले आहेत.

मराठी वाचकाने 55 वे प्रकरण अवश्य थांबून वाचावे, कारण तिथे मुंबईजवळची घारापुरीची लेणी येतात. देवमाशांच्या चुकीच्या चित्रांची यादी करताना इश्माएल म्हणतो की देवमाशाचे सर्वांत प्राचीन चित्रण एलिफंटाच्या लेण्यात असून, विष्णूचा मत्स्यावतार तिथल्या भिंतीवर कोरलेला आहे. ती मूर्ती अर्धी माणूस आणि अर्धी देवमासा आहे, पण तिचे शेपूट साफ चुकले आहे, कारण ते देवमाशाच्या रुंद पंखाऐवजी ॲनाकोंडाच्या निमुळत्या शेपटीसारखे दिसते, अशी त्याची तक्रार आहे. घारापुरीचे मुख्य लेणे शैव आहे हे आपल्याला माहीत असते. सदाशिव, अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवणारा रावण अशी शिल्पे पाहून आलेला वाचक या उताऱ्यापाशी चमकून थांबतो. त्यामुळे हा प्रश्न 'कादंबरीतील निवेदकाच्या म्हणण्याप्रमाणे' या शब्दांनी सुरू करणे मला आवश्यक वाटले. याची जोड 82 व्या प्रकरणाशी आहे. तिथे शिकाऱ्यांच्या मंडळाचे मानाचे सभासद म्हणून पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस आणि योना यांच्यानंतर विष्णूचे नाव येते, आणि पाण्याच्या तळाशी असलेले वेद वर आणण्यासाठी विष्णूने देवमाशाचे रूप घेतल्याची कथा सांगितली जाते. दोन्ही प्रकरणे एकत्र वाचली की इश्माएल जगभरच्या दंतकथा आपल्या धंद्याच्या गौरवासाठी किती मोकळेपणाने वेठीला धरतो हे स्पष्ट होते.

एहॅबच्या होडीतल्या फेडल्लाविषयीचे प्रश्न मी वेगळ्या गटात ठेवले आहेत. मेल्व्हिल त्याला वारंवार 'पारशी' म्हणतात. पण मुंबई-गुजरातच्या पारशी समाजाचे जीवन ज्यांना माहीत आहे त्यांना त्याच्यात त्या समाजाचे जवळपास काहीच सापडणार नाही, आणि अग्निपूजेचा एक धूसर संदर्भ तेवढा उरतो. त्याचे कथानकातले काम भविष्यकथनाचे आहे. 117 व्या प्रकरणात तो एहॅबला सांगतो की मरण्यापूर्वी त्याला समुद्रावर दोन शववाहने दिसतील, पहिले मानवी हातांनी न घडवलेले आणि दुसरे अमेरिकेत वाढलेल्या लाकडाचे; फेडल्ला स्वतः त्याच्या आधी मरेल; आणि तागाच्या दोराखेरीज त्याला काहीही मारू शकणार नाही. या भाकिताची कलमे कुठे आणि कशी खरी ठरतात हा प्रश्न मी पूर्ण गुणांचा मानतो. पहिले वाहन म्हणजे मोबी-डिक स्वतः, कारण पाठलागाच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर दोरांत गुरफटलेले फेडल्लाचे प्रेत दिसते. दुसरे म्हणजे बुडणारे पीक्वॉड. एहॅबच्या गळ्याभोवती त्याच्याच हार्पूनच्या दोराचा फास बसतो आणि तो आवाजही न होता होडीतून खेचला जातो. 1956 च्या चित्रपटात देवमाशाला जखडलेला माणूस एहॅबच दाखवला आहे, त्यामुळे केवळ चित्रपट पाहिलेला आणि पुस्तक वाचलेला यांची उत्तरे इथे हमखास वेगळी पडतात.

पांढरा देवमासा प्रथम पाहणाऱ्यासाठी बक्षीस म्हणून एहॅबने डोलकाठीला ठोकलेल्या सोन्याच्या नाण्याचा प्रश्नही तसाच उजवा आहे. नाणे इक्वेडोरचे, किंमत 16 डॉलर, हे बहुतेकांना आठवते. पण ते अखेर कोण जिंकते? 133 व्या प्रकरणात पांढरा देवमासा दिसताच एहॅब ओरडतो, हार्पूनवाला टॅश्टेगो म्हणतो की मलाही तो जवळपास त्याच क्षणी दिसला, आणि एहॅब ते नाणे नियतीने आपल्यासाठीच राखले होते असे सांगून त्याचा दावा फेटाळतो. त्यानंतर, देवमासा मारला जाईल त्या दिवशी जो त्याला प्रथम पाहील त्याचे ते नाणे, असेही तो जाहीर करतो. तो दिवस येत नाही, आणि नाणे जहाजाबरोबर तळाला जाते.

या टप्प्यात मला सर्वांत समाधान देणारा प्रश्न मात्र निवेदकाच्या जागेचा आहे : शेवटच्या दिवशी इश्माएल नेमका कुठे असतो? 135 व्या प्रकरणात एहॅबच्या होडीतून तीन माणसे फेकली जातात, दोघे परत चढतात आणि तिसरा मागे पाण्यात तरंगत राहतो. त्याचे नाव तिथे दिलेले नाही. फेडल्ला नाहीसा झाल्यावर त्याच्या रिकाम्या जागी एहॅबच्या होडीतला पुढचा वल्हेकरी गेला, त्या वल्हेकऱ्याच्या जागी इश्माएल आला होता आणि तो तिसरा माणूस तोच, हे उपसंहारात कळते. ऑक्टोबर 1851 मध्ये लंडनला तीन खंडांत निघालेल्या पहिल्या आवृत्तीत हा उपसंहारच नव्हता, त्यामुळे सारेच बुडाले तर कथा सांगितली कोणी, असा आक्षेप तिथल्या समीक्षकांनी घेतला. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या आवृत्तीत उपसंहार आहे. पाठाच्या इतिहासावरचा प्रश्न कथानकाच्या इतक्या जवळ क्वचितच येतो.

सध्या पीक्वॉडला भेटणाऱ्या नऊ जहाजांवर काम चालू आहे. अल्बट्रॉस, टाउन-हो, जेरोबोअम, युंगफ्राऊ, रोझ-बड, सॅम्युअल एंडर्बी, बॅचलर, रेचल आणि डिलाइट हा क्रम आता न अडखळता सांगता येतो, परंतु क्रमापेक्षा प्रत्येक जहाजाला पांढऱ्या देवमाशाविषयी काय माहीत आहे हे महत्त्वाचे आहे. अल्बट्रॉसच्या कप्तानाच्या हातून कर्णा समुद्रात पडतो आणि उत्तर राहून जाते. युंगफ्राऊचा कप्तान तेल मागायला येतो. एंडर्बीचा कप्तान बूमर हाडाचा हात पुढे करतो. बॅचलरचा कप्तान म्हणतो की ऐकले आहे, पण विश्वास नाही. रेचलच्या कप्तान गार्डिनरचा बारा वर्षांचा मुलगा समुद्रात हरवला आहे आणि त्याला शोधायला एहॅब नकार देतो. पुढे तेच जहाज आपल्या मुलांना शोधत फिरताना इश्माएलला उचलून घेते. आठ जहाजांचे प्रश्न लिहून झाले आहेत. टाउन-होचे बाकी आहेत, कारण ती कथा इश्माएल लिमामधल्या मित्रांना सांगतो आहे आणि तिचा गुप्त भाग एहॅबच्या कानापर्यंत कधीच पोहोचत नाही. कोणाला काय ठाऊक आहे याची सर्वांत गुंतागुंतीची मांडणी त्या 54 व्या प्रकरणात असल्यामुळे, त्यावर मी स्वतंत्र संच करणार आहे.