पेटंट दाव्यात वैज्ञानिक सल्लागार नेमून घेताना: माझा अनुभव

औषधाच्या पेटंटच्या दाव्यात दोन्हीकडचे तज्ज्ञ शपथपत्रावर एकमेकांच्या नेमकं उलट सांगतात, आणि दोघांच्याही पदव्या तोलामोलाच्या असतात. अशा वेळी पेटंट कायदा, 1970 च्या कलम 115 खाली न्यायालयाला स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमता येतो. कोणी अर्ज केला नसला तरी. पण न्यायालय आपणहून नेमेल म्हणून वाट बघत बसू नये. मी हा अर्ज मुद्दे निश्चित होण्याच्या, म्हणजे नेमका वाद कशाचा हे न्यायालय लिहून ठरवतं त्या टप्प्याच्या, सुमारास टाकतो, कारण उलटतपासणी सुरू झाल्यावर टाकलेला अर्ज वेळकाढूपणाचा वाटतो.

नावांसाठी पेटंट नियम, 2003 च्या नियम 103 खालची यादी पाहायची. तिच्यात येण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातली पदवी, किमान 15 वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा किंवा संशोधनाचा अनुभव आणि जबाबदारीचं पद लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2022 च्या पेटंट दाव्यांच्या नियमांत न्यायालयानेच सल्लागारांचं पॅनेल ठेवण्याची सोय आहे. मात्र नाव यादीत असणं आणि माणूस त्या दाव्यासाठी मोकळा असणं यात फरक आहे. औषधनिर्माणातले नाणावलेले प्राध्यापक बहुतेक कोणत्या ना कोणत्या कंपनीला सल्ला देऊन चुकलेले असतात. म्हणून संमतीपत्रासोबतच सल्लागारी, संशोधन अनुदान, शेअर, स्वतःची पेटंटं आणि पूर्वी दिलेल्या साक्षी यांचं लेखी निवेदन घ्यावं. हे नंतर बाहेर आलं की अहवालच पणाला लागतो.

अर्जाचा सगळा जीव मात्र प्रश्नांत असतो. सल्लागाराकडे वस्तुस्थितीचा किंवा मताचा प्रश्न सोपवता येतो, कायद्याच्या अर्थाचा नाही. ‘प्रतिवादीच्या गोळीने पेटंटचा भंग होतो का?’ हा प्रश्न टिकत नाही, तो न्यायाधीशांचा आहे. समजा वाद औषधाच्या स्फटिकरूपाचा, म्हणजे त्याच्या स्फटिकातले रेणू कसे रचले आहेत याचा, आहे. मग असं विचारावं: सीलबंद नमुन्याच्या एक्स-रे डिफ्रॅक्शन आलेखात (स्फटिकावरून क्ष-किरण कोणत्या कोनांत किती जोराने परततात ते दाखवणाऱ्या आलेखात) क्लेममध्ये, म्हणजे पेटंटमध्ये हक्क सांगितलेल्या मजकुरात, दिलेल्या कोनांवर, अधिक-उणे 0.2 अंशांच्या आत, शिखरं दिसतात का? ती औषधाची आहेत की गोळीतल्या इतर घटकांची?

दुसरा प्रश्न विसरलात तर फसगत ठरलेली. गोळीत भर म्हणून अनेकदा लॅक्टोज (दुधातली साखर) असतं, आणि त्याची ठळक शिखरं 20 अंशांच्या आसपास येतात. औषधाचं शिखर तिथेच असेल तर एकट्या गोळीचा आलेख काहीच सिद्ध करत नाही. तेव्हा प्रतिवादीने औषधाविना बनवलेली तशीच गोळी, म्हणजे प्लासिबो, हजर करावी असा आदेश त्याच अर्जात मागावा. प्रतिवादीचा गुपिताचा आक्षेप येणारच. त्यावर घटकांचं प्रमाण फक्त सल्लागार आणि ठरलेले वकील पाहतील अशी अट सुचवून ठेवावी.

नमुने एकाच बॅचचे घ्यावेत, दोन्ही बाजूंसमोर सील करावेत आणि तीन भाग करावेत: एक प्रयोगशाळेसाठी, एक न्यायालयाच्या ताब्यात, एक फेरतपासणीसाठी. गोळी खलात कुटताना जोर जास्त झाला तर काही स्फटिकरूपं बदलतात, त्यामुळे पूड कशी करायची हेही आधीच लिहून ठरवावं. एवढ्याशा गोष्टीवरून फेरतपासणीचे अर्ज पडतात.

मानधन न्यायालय ठरवतं. त्यात अहवालाचा खर्च आणि हजेरीच्या दिवसाची फी येते. प्रयोगशाळेचं बिल वेगळं दाखवावं आणि आगाऊ रक्कम कोणी, किती दिवसांत भरायची हे आदेशातच यायला हवं. नाहीतर काम तिथेच अडकतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 10-अ खाली वैज्ञानिक तपासासाठी कमिशनर (न्यायालयाच्या वतीने तपास करून अहवाल देणारी व्यक्ती) नेमला, तर त्याच आदेशाच्या नियम 10 मुळे अहवाल पुराव्यात येतो आणि परवानगीने कमिशनरला प्रश्न विचारता येतात. कलम 115 मध्ये एवढी तपशीलवार तरतूद नाही. म्हणून अहवालाची प्रत, हरकतींची मुदत आणि सल्लागाराची तपासणी या तिन्ही गोष्टी नेमणुकीच्या आदेशातच मागून घ्याव्यात. सोबत यंत्रातून निघालेली मूळ डेटा फाइलही मागावी, कारण छापील आलेखात पार्श्वभूमी, म्हणजे शिखरांखालचा यंत्राचा आणि नमुन्याचा सर्वसाधारण संकेत, वजा केली आहे की नाही ते कळत नाही.