जणू दिसलं की उत्प्रेक्षा

"मामा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, 'सारखा' दिसलं की उपमा. बाकीची ओळ वाचायचीच नाही." भाचीने मला शाळेच्या व्याकरणाची किल्ली दिली. फेब्रुवारीचीच दुपार, पण भुसावळचं ऊन आत्तापासून दार ढकलत होतं.

मीही याच किल्लीने मार्क मिळवले. फक्त आमच्या घरात अलंकार पुस्तकात कमी आणि भांडणात जास्त असायचे. आजोबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. आजी असोद्याची, म्हणजे बहिणाबाईंच्या गावची, कापूस वेचत वाढलेली. आजोबा म्हणायचे, "तुझी आजी म्हणजे मालगाडी. सिग्नल हिरवा झाला तरी लूपलाइनला उभी." आजी चुलीपुढून, मान वर न करता, "मेल पुढे काढाची असते ना, म्हनून उभी." मग माझ्याकडे वळून, "तुह्या आजोबाचं डोकं म्हंजे कापसाचं गाठोडं. दिसाले मोठं, उचलाले हलकं."

यावर आजोबांकडे उत्तर नसे. आजी त्यांची रेल्वे बिनधास्त वापरायची, पण तिच्या शेतातलं एकही उपमान त्यांना उसनं घेता यायचं नाही. कधी बांधावर गेलेलेच नव्हते ते.

तेव्हापासून मला एक खोड लागली. गोष्ट वाचताना पात्राने कशाला काय म्हटलं ते आधी बघतो. सावद्याच्या केळीच्या बागेत जन्म काढलेला माणूस दुःखाला 'अथांग सागर' म्हणाला की मी पुस्तक मिटतो. हा सागर लेखकाचा. त्या माणसाची फार तर आटलेली विहीर असेल, नाहीतर वावधनात, वादळवाऱ्यात, आडवी झालेली बाग.

बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलं. ते हाकलायला त्या स्वतः धावल्या असणार. संसाराला चुलीवरचा तवा म्हणताना मात्र त्यांनी 'जसा' घातलाय. मनाच्या त्या पहिल्या ओळीत 'जसा' नाही. मन ढोरासारखं नाही, ढोरच आहे. भाचीच्या हिशेबात एक उपमा, एक रूपक, एकेक मार्क. मला वाटतं, तव्यापुढे बसून संसाराकडे बघता तरी येतं. ढोरामागे पळताना 'जसा' म्हणायला सवड कुठली?

"आणि चेतनगुणोक्ती?" भाचीने पान उलटलं. उदाहरण ठरलेलं, पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. पण त्याला नुसतं 'माणसासारखं वागवलं' म्हणून भागत नाही. झरा वाहतोय, पायवाट चाललीय, आणि हा एकटाच बसलाय. सगळ्या कवितेचा सूर त्या बसण्यात आहे. बालकवी धरणगावचे, १८९० चा जन्म. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली गेले. जळगावला जाताना भादली आलं की आजोबा खिडकीबाहेर बोट दाखवायचे, "इथं." एवढंच. अख्ख्या रेल्वेत त्यांना तेवढ्याला उपमा सापडली नव्हती.

आजी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात आजोबा ओट्यावर बसले होते. पाऊस पडून गेलेला, वर पांढरे, विरळ ढग. मान वर करून ते स्वतःशीच म्हणाले, "आभाळ पिंजलं आज." आजी म्हणायची ते, अगदी तिच्याच हेलात. मी तेव्हा कॉलेजात, बाहेर निघायच्या घाईत होतो. चप्पल घातली आणि गेलो. आज, इतक्या वर्षांनी, भाचीच्या वहीपुढे बसल्यावर ते कानात वाजलं.

"मामा, कुठे हरवलास? एखादं वाक्य दे ना, ओळखते."

"आभाळ पिंजलं आज."

तिने वाक्य वहीत लिहिलं, त्यावरून पेन्सिल फिरवली. "यात जणू नाही, सारखा नाही. मग कुठला अलंकार?"

"लिही काहीतरी," मी म्हटलं. "एका मार्काचाच तर आहे."