उस्मानिया पाचची नोट: टेपखालचा अंक वाचला, डाग राहू दिला

मागच्या नोंदीतल्या नोटेच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या पाच रुपयांच्या उस्मानिया नोटेच्या, सालाचा शेवटचा अंक अखेर लागला. तो सात आहे. डाग मात्र निघालेला नाही, आणि आता काढायचाही नाही.

पेच असा होता. नोटेवरच्या फसली सालाचे (निजामाच्या राज्यातली कालगणना) पहिले तीन अंक स्वच्छ, चौथ्यावर जुन्या सेलोटेपची तपकिरी पट्टी. उर्दू छपाईत सात म्हणजे वर उघडी पाचर, आठ म्हणजे तीच उलटी. डागातून दोन तिरक्या रेघा दिसायच्या, पण त्या वर जुळतात की खाली, हे १० पट भिंगातूनही ठरेना. हैदराबादी फसलीत ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन येते. त्यामुळे शेवटचा अंक चुकला तर नोट वर्षभर सरकते आणि नोटेवरची सही त्या वर्षाशी जुळवणेही चुकते.

वरची पट्टी सहज सुटली. हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, दहा-दहा सेकंद. मग बोथट स्पॅट्युला कागदालगत जवळजवळ आडवा सरकवायचा. ओढायचे अजिबात नाही, तंतू उचलले जातात. वरवरचा चिकटा क्रेप रबराने (गोंद उचलणाऱ्या खोडरबराने) गोळा झाला. पण टेपचा रबरी गोंद कागदात मुरतो, हवेने पिवळा पडून कडक होतो. तो खोडरबराला दाद देत नाही. म्हणून खाली टिपकागद ठेवून कडेच्या कोऱ्या भागावर काडीने अगदी थोडे ॲसिटोन लावले. डाग हलला, पण सभोवती कडे उमटले. मग क्रमांकातल्या एका अंकाच्या शेपटीवर तसेच करून पाहिले, तर टिपकागदावर शाई उतरली. काम तिथेच थांबवले.

वाचायला डाग काढावाच लागत नाही, हे त्यानंतर सुचले. १२०० डीपीआयवर स्कॅन करून रंगांचे तीन चॅनल वेगळे केले. निळ्यात डाग काळाकुट्ट, लालमध्ये जवळपास पुसलेला. रेघा उजळल्या, टोक तरीही धूसर. मग जुना सीसीटीव्ही कॅमेरा काढला: नाइट मोड, ८५० नॅनोमीटरचे एलईडी. त्याचा फोकस दोन-तीन मीटरवर असतो. लेन्स आट्यांवर थोडी बाहेर फिरवली की तो वीतभर अंतरावर येतो. कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे समोरून चमक मारतात, ते काळ्या कागदाने झाकून तसलाच दिवा बाजूने तिरका धरला. पडद्यावर डाग नाहीसा झाला, काळ्या रेघा राहिल्या, आणि त्या खाली जुळत होत्या. हा क्षण जपून ठेवण्यासारखा! एक खबरदारी: काजळीची शाई या प्रकाशात काळी राहते, इतर बऱ्याच शाया विरतात. काही दिसले नाही म्हणजे छापलेलेच नव्हते, असा निष्कर्ष काढू नका.

एस. एस. इजिप्त हे जहाज मे १९२२मध्ये बुडाले. त्यातल्या निजामाच्या नोटा जवळजवळ दहा वर्षांनी समुद्रातून वर आल्या, तरी संग्रहात टिकल्या. टेपने केलेले नुकसान त्याहून चिवट आहे. नळदुर्ग-तुळजापूरकडे हाली (निजामाचा रुपया) चालायचा, सोलापुरात कलदार (इंग्रजी रुपया). त्यामुळे इथल्या जुन्या चोपड्यांत या नोटा अजून सापडतात. कुणी दाखवायला आणली तर पहिले वाक्य हेच सांगा: टेप लावू नका.

पाकिटांबद्दलही बोलायला हवे. सोलापूरच्या ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात पीव्हीसी पाकीट घामेजते आणि नोटेला चिकटते. विकणाऱ्यांनी प्लास्टिक कोणते ते छापलेच पाहिजे. तोवर तपासणी अशी: तांब्याची तार लाल तापवून पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पाकीट बाद. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो. पॉलिएस्टरचे पाकीट महाग पडते, पण तेच घ्या.

नोटेच्या घडीवर ६ मिलिमीटरची चीर आहे. तिला सायझिंगची (विणण्याआधी सुताला लावायची) कांजी वापरावी असा विचार होता, इथे ती गल्लोगल्ली मिळते. पण सुताच्या कांजीत मऊपणासाठी आणि बुरशीविरुद्ध आणखी द्रव्ये घालतात. ती रद्द. निव्वळ गव्हाचा स्टार्च एकास पाच पाण्यात शिजवून, गाळून, जपानी टिश्यूच्या (दुरुस्तीच्या पातळ कागदाच्या) ३ मिलिमीटर पट्टीला लावायचा. आधी एकाच रद्दी नोटेवर तीन पट्ट्या, वेगवेगळ्या पातळपणाच्या खळीने. सुकल्यावर जी सुरकुतणार नाही ती या नोटेला.